थडग्यावरची ‘इ’

१

रेबुसांच्या थडग्यावरची पाटी चोरीला गेली ती भर दिवसा, आणि तीही अर्धं गाव कबरस्तानात हजर असताना. सर्व संतांचा दिवस तोंडावर आला की फिलिपिन्समधल्या सांता रुफिना गावात हेच चालतं. जो तो आपापल्या मेलेल्यांच्या उशाशी चुन्याची बादली घेऊन बसलेला, पोरं जुन्या मेणबत्त्यांचं मेण गोळा करून त्याचे चेंडू वळतायत, बायका गवत उपटता उपटता जिवंतांची उणीदुणी काढतायत. लोक पाट्या काढतात, घासतात, परत बसवतात. त्यात एक पाटी फाटकाबाहेर गेली तर कुणाला पत्ता लागणार?

संध्याकाळी डॉन आमान्दो रेबुसा फुलं घेऊन आले, तेव्हा आजोबांच्या नावाच्या जागी उघड्या विटा दिसत होत्या. त्यांनी आधी माळ्याला शिव्या घातल्या, मग पोलिसांना, आणि मग निन्फा रिन्योसाला बोलावणं धाडलं.

निन्फा पन्नाशीला टेकलेली बाई. जिभेला धार, आणि धंदा असा की ऐकणाऱ्याला आधी हसूच यावं. ती आडनावांचा माग काढून द्यायची. अमेरिकेला गेलेली माणसं म्हातारी व्हायला लागली की त्यांना एकदम ‘आपण कोण’ असा प्रश्न पडतो. आडनाव उकरलं की खाली एखादा सरदार सापडेल, अशी त्यांची समजूत. निन्फा सांगायची, “बाबांनो, दीडशे वर्षांपूर्वी एका स्पॅनिश गव्हर्नरने आडनावं वाटली, रेशनवर साखर वाटावी तशी. गावाला एक अक्षर. आम्हाला र मिळालं, म्हणून आम्ही रेबुसा, रिन्योसा, रोदेलास. नदीपलीकडच्या तालाओला ओ मिळालं, म्हणून ते ओलार्ते नि ओर्बिता. सरदार शोधायचा तर दुसरीकडे जा.”

डॉन आमान्दो व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसले होते. निन्फाला त्यांनी बस म्हटलं नाही. तिनेही अपेक्षा केली नव्हती.

“पाटी कोणी नेली ते तू शोधायचंस.”

“पोलीस आहेत की, डॉन.”

“पोलीस भुरट्या चोरांसाठी. हे ओलार्तेंचं काम आहे. आजोबांची आई त्यांच्याकडची, तेवढ्यावर तीन पिढ्या नातं चिकटवत येतात मेले. मी त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नाही, त्याचा हा राग. त्यांच्यातला नेमका कोण, ते तू काढ. आणि सर्व संतांच्या दिवशी थडग्यापुढे उभं राहून सगळ्या गावाला सांग.”

“पाटीवर लिहिलेलं काय होतं?”

“काय म्हणजे? आजोबांचं नाव. फुलहेन्सिओ ओलार्ते रेबुसा. आईकडचं नाव मधे, बापाकडचं शेवटी. शाळेतलं पोरही सांगेल.”

“बरं. आणि मला काय मिळणार?”

“काय हवंय?”

“माझ्या आईला थडग्यात जागा.”

झुलती खुर्ची थांबली.

निन्फाची आई बिसिंग याच घरात कपडे धुवायची. बिसिंगचा बाप म्हणजे डॉन आमान्दोंचा बाप, डॉन रुफो. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावाने ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. बिसिंग शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा निन्फा याच व्हरांड्यात, याच जागी उभी राहून जागा मागायला आली होती. चार पाहुण्यांदेखत आमान्दो म्हणाले होते, “नाव बापाकडून येतं. बापाने दिलं नाही ते मागून मिळत नाही. मागच्या दाराने जा, तिकडे तुला जेवायला वाढतील.” मग बिसिंगला भिंतीतल्या भाड्याच्या कोनाड्यात ठेवलं. यंदा त्याची मुदत संपली, चर्चने हाडं काढून निन्फाच्या हवाली केली, आणि आता ती एका लाकडी पेटीत, निन्फाच्या शिवणयंत्राखाली होती. रोज शिवायला बसलं की पाय पेटीला लागायचा, आणि रोज निन्फा पेटीच्या पाया पडायची आणि आमान्दोंच्या नावाने बोटं मोडायची. तिला सूड हवा होता. उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं?

“ओलार्तेचं नाव दिलंस तर,” डॉन आमान्दो म्हणाले, “खालच्या रांगेत, कोपऱ्यात देईन जागा.”

“कोपरा चालेल,” निन्फा म्हणाली.

२

थडगं म्हणजे एक छोटं घरच. लोखंडी फाटक, आत तीन भिंतींत कोनाडे. एक कोनाडा आमान्दोंनी स्वतःसाठी राखून ठेवलेला, त्यावर नावही कोरून घेतलेलं. मरणाची तारीख तेवढी बाकी.

निन्फा आधी फाटकापाशी थांबली. कुलूप शाबूत होतं. ओरखडासुद्धा नाही. किल्ल्या दोनच, एक डॉन आमान्दोंकडे, दुसरी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, तिया पुराकडे, म्हणजे पुरामावशीकडे. मग भिंत. पाटी विटांत भिंतीच्या पातळीत बसवलेली होती. बाहेरून नुसता गुळगुळीत चेहरा दिसायचा. कडेचा चुना बारीक छिन्नीने, सावकाश सोडवला होता. खालच्या दोन्ही फुलदाण्या जागच्या जागी, फुलं नीट, पाणीसुद्धा ताजं.

राग काढायला आलेला माणूस फुलांना पाणी घालून जात नाही, निन्फाने मनाशी म्हटलं.

तिया पुरा स्वयंपाकघरात नारळाच्या पानांत चिकट भात गुंडाळत बसली होती. सत्तरी उलटलेली, लग्न न झालेली, पाठ अजून ताठ. तिने निन्फाला स्टूल पुढे सरकवलं. या घरात तेवढं फक्त तीच करायची.

“तिया, पाटीवर काय लिहिलं होतं?”

“मला कुठे आठवतंय?”

“दर सोमवारी तिथे गुडघे टेकता तुम्ही. मी लहान होते तेव्हापासून बघतेय.”

“डोळे मिटून प्रार्थना करते ग. वाचत नाही.” पुराने गाठ मारली. थोरल्या भावाला ती मानोय म्हणायची, म्हणजे दादा; गावात कुणाही वडीलधाऱ्याला तसंच म्हणत. “मानोयला विचार. त्याला तोंडपाठ आहे. त्याच्याच तोंडून ऐक.”

“ऐकलं की.”

“परत ऐक,” पुरा म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

म्हातारीच्या बोलण्यात काहीतरी होतं. निन्फा जायला निघाली, पण दिवाणखान्यात जपमाळेची वेळ झाली होती, नोकरमाणसं गुडघे टेकून बसली होती; मधूनच उठून जाणं बरं दिसलं नसतं. डॉन आमान्दो पुढे बसून घराण्यातल्या मृतांची नावं घेत होते, जुन्या स्पॅनिश चालीवर, बापाने शिकवली तशी. प्रत्येक नावामागे सगळे “आमच्यासाठी विनव” म्हणत होते. आवाजाला पेंग आली होती. निन्फाही पेंगत होती.

आणि एकदम तिची पेंग उडाली.

डॉन आमान्दो नुकतेच म्हणाले होते, “फुलहेन्सिओ ओलार्ते इ रेबुसा.”

एक अक्षर जास्त होतं. दुपारी व्हरांड्यात ते नव्हतं.

३

सकाळी निन्फा नदी ओलांडून तालाओला गेली. एलादिओ ओलार्तेचं घर काठावरच होतं. अंगणात पिलीच्या, म्हणजे बदामासारख्या टणक बियांचा ढीग, आणि म्हातारा कोयत्याने एकेक बी फोडत बसलेला.

“मानोय एलादिओ, मी आडनावांवर आलेय.”

“ये ये. बस तिथे, चटईवर. र-वाल्यांना आमच्याकडे बसायला बंदी नाही,” तो म्हणाला. “आमान्दोने पाठवलं ना? मला फाशी कधी देतोय?”

“तुम्हाला का देईल?”

“आणखी कोणाला देणार? त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरलं होतं. मेजवानीचा बैल ठरला, वाद्यं ठरली. मग हा उठला नि म्हणाला, परक्या अक्षराच्या माणसाला मी बहीण देणार नाही. पन्नास वर्षं होतील. तेव्हापासून पुरा दर रविवारी बाजारात माझ्याकडून पिलीच्या बिया घेते, आणि तेवढंच आमचं बोलणं. दात पडले तिचे, तरी घेते.”

निन्फाला हसू आलं. तिने विषय बदलला.

“पाटी पाहिली होती तुम्ही?”

“मी? आम्हाला फाटकाच्या आत घेतात का? जन्मात पाय ठेवला नाही. पण ज्याने नेली त्याच्या कमरेचं वाटोळं झालं असणार, बाई. चार बोटं जाड संगमरवर. चेष्टा आहे?”

तिने एक बी उचलून तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

“तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव काय होतं, मानोय?”

“सिमेओन ओलार्ते इ रेबुसा. थोरला भाऊ बायकोच्या पाठोपाठ नदीपलीकडे गेला, हा इथेच राहिला. थोरल्याचं नाव आमच्याकडे घ्यायचे नाहीत. भांडण होतं काही.”

दोन भाऊ, एकच जोडनाव, एकाच क्रमाने. निन्फाने हात झटकले.

“मानोय, भिंतीच्या पातळीत बसवलेली पाटी किती जाड आहे, ते बाहेरून दिसत नाही. काढल्याशिवाय कळत नाही.”

एलादिओचा कोयता हवेतच राहिला.

“आणि कुलूप न तोडता फाटक उघडलं, म्हणजे किल्ली तिया पुराची. तुम्ही दोघांनी भर दिवसा, सगळ्यांदेखत, चुन्याच्या बादल्यांमधून हातगाडी ढकलत आणली. कोणी वळूनही पाहिलं नाही.” तिने बसल्या जागी चटई चाचपली. खालचा दगड थंडगार होता. “मी फुलहेन्सिओवर बसलेय ना?”

म्हाताऱ्याने कोयता खाली ठेवला आणि खो खो हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

“पुराची अक्कल सगळी,” तो म्हणाला. “यंदा साफ करताना तिने केसांच्या आकड्याने अक्षरांतला चुना कोरला. दोन नावांच्या मधे काहीतरी सापडलं. बाजारात मला विचारलं, तुझ्या आजोबाचं नाव काय रे? मी सांगितलं. तशी बिया न घेताच निघून गेली. म्हणाली, पाटी तिथे आहे तोवर कोणी वाचणार नाही. नाहीशी झाली की मानोयला सगळ्यांना सांगावं लागेल त्यावर काय होतं.” त्याने नाक पुसलं. “आता जा, सांग त्याला. तुझ्या आईच्या जागेचं पुराने काल रात्रीच कळवलंय मला. मी म्हातारा माणूस, मला काय करणार तो?”

निन्फा परतीच्या होडीत बसली. आईची जागा तिच्या मुठीत होती. एलादिओचं नाव उच्चारायचं, की झालं.

४

“सापडला चोर,” तिने डॉन आमान्दोंना सांगितलं.

“ओलार्ते?”

“ओलार्तेच.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की निन्फाला किळस आली. “कोण?”

“सगळ्या गावासमोर सांगायचं ठरलंय ना? तिथेच सांगेन. पण आधी आई आत. विटा लागल्या पाहिजेत, सिमेंट धरलं पाहिजे, फादरनी पवित्र पाणी शिंपडलं पाहिजे. त्याच्या आधी मी तोंड उघडणार नाही.”

“माझ्यावर भरवसा नाही तुझा?”

“नाही,” निन्फा म्हणाली.

ते हसले. त्यांना ते आवडलंसुद्धा असावं. त्यांनी लगेच गवंड्याला निरोप धाडला आणि तालाओलाही. ओलार्तेंना म्हणावं, उद्या सगळे या, तुमच्यासाठी एकदा फाटक उघडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बिसिंगची पेटी कोपऱ्यातल्या कोनाड्यात गेली. गवंड्याने विटा लावल्या, वर सिमेंट फिरवलं. निन्फा हलली नाही. सिमेंटवर नख टेकवून पाहिलं, नख उमटेनासं झालं, तेव्हाच ती मागे सरली.

दुपारपर्यंत फाटकाबाहेर ही गर्दी. मेणबत्त्या, भाताची पानं, पोरं, पत्ते खेळणारे जावई. एका बाजूला सगळे र, दुसऱ्या बाजूला सगळे ओ. फादर तरुण होते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नव्या कोनाड्यावर पाणी शिंपडलं.

“आता घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी इथे विसावलेल्यांची नावं घ्यावीत,” ते म्हणाले.

निन्फा डॉन आमान्दोंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

डॉन आमान्दोंनी डोळे मिटले, जुनी चाल धरली. जिभेला जे ठाऊक होतं ते जिभेने म्हटलं. “फुलहेन्सिओ ओलार्ते इ रेबुसा. रुफो रेबुसा...” सगळी नावं झाली. शेवटी, घसा खाकरून, “विसितास्योन रिन्योसा.” बिसिंगचं पाळण्यातलं नाव. लोक म्हणाले, “आमच्यासाठी विनव.”

“आता चोराचं नाव,” डॉन आमान्दो म्हणाले आणि डोळे उघडले.

५

“सांगते,” निन्फा म्हणाली. “पण आधी चोरी कशाची झाली ते ऐका. फादर, आत्ता डॉननी आजोबांचं नाव घेतलं. कसं घेतलं?”

“फुलहेन्सिओ ओलार्ते इ रेबुसा,” फादर म्हणाले. आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“इ म्हणजे?”

“स्पॅनिश आहे ते. इ म्हणजे आणि.”

“आणि.” निन्फा गर्दीकडे वळली. “स्पॅनिश काळात लोक आधी बापाचं आडनाव सांगायचे, मग ‘इ’, मग आईचं. ओलार्ते आणि रेबुसा. बाप ओलार्ते, आई रेबुसा. पुढे अमेरिकन आले, त्यांनी उलटं केलं, आईचं मधे नि बापाचं शेवटी. फुलहेन्सिओची पोरं शाळेत गेली, मास्तरने शेवटचा शब्द उचलला नि रेबुसा लिहून टाकलं. इथे सगळं गाव र चं, कोण शंका घेणार? नदीपलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, सिमेओन ओलार्ते इ रेबुसा. त्याचा नातू हा उभा आहे.”

सगळ्यांनी एलादिओकडे पाहिलं. तो बायकांच्या मागे लपायला बघत होता.

“नाव बापाकडून येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, तियो,” निन्फा म्हणाली. तियो. मामा. हा शब्द तिने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लावला. “त्या हिशेबाने या थडग्यात एकही रेबुसा नाही. तुम्हीसुद्धा ओलार्ते.”

कुणीतरी फिसकन हसलं. डॉन आमान्दो पांढरेफटक पडले होते, पण सावरले. “चूक होती. शंभर वर्षांपूर्वीच्या मास्तराची. मला काय ठाऊक?”

“ठाऊक होतं,” निन्फा म्हणाली. “प्रार्थनेत तुमच्या तोंडून रोज ‘इ’ येतं. मी पाटीवर काय होतं असं विचारलं, तेव्हा आलं नाही. ज्याला अर्थ ठाऊक नाही तो नाव जसं पाठ आहे तसंच सांगेल. तुम्ही ते मधलं अक्षर गिळलंत, कारण ते काय करतं हे तुम्हाला माहीत होतं. दर वर्षी त्यात चुना कोण भरायला लावायचं? ओलार्तेंना वाचता येईल इतकं जवळ कोण येऊ देत नव्हतं?”

“पाटी मी काढली,” तिया पुरा मागून म्हणाली. हातगाडी घेऊन ती आणि एलादिओचे दोन पुतणे फाटकातून आत आले. पाटी स्वच्छ धुतलेली होती, आणि दोन आडनावांच्या मधलं ते अक्षर लांबूनही दिसत होतं. “चोर हवाय ना? मी. मानोयने तोंडाने म्हणावं एवढ्याचसाठी काढली. तो गर्विष्ठ आहे, परक्या अक्षराचा म्हणून एलादिओला हाकललं त्याने. म्हटलं, कळू दे त्याला की आपण स्वतःच परके.”

निन्फा क्षणभर घुटमळली. पुढचं बोलायचं तर म्हातारीलाही लागणार होतं. पण आता थांबणं तिच्या हातात उरलं नव्हतं.

“तिया, गर्वासाठी नाही मोडलं त्यांनी. तेव्हाचे म्हातारे फादर लग्नाचे पुकार कसे करायचे, आठवतं?”

“तीन रविवार,” पुरा म्हणाली. “वेदीवरून. वर-वधूची नावं, आईबापांची...” ती थांबली. “आजोबांचीही. पूर्ण.”

“सिमेओन ओलार्ते इ रेबुसा. फुलहेन्सिओ ओलार्ते इ रेबुसा. एकापाठोपाठ, भरल्या चर्चमध्ये. दूरचं नातं, फादरनी लग्नाला सूट दिली असती. पण सगळ्या गावाला कळलं असतं.”

तिया पुराने हातगाडीचा दांडा सोडला. ती भावाकडे बघत राहिली. डॉन आमान्दोंनी नाही म्हटलं नाही. एवढं एक ‘नाही’ त्यांनी म्हटलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता, असं तिचं तोंड झालं होतं.

“एका अक्षरासाठी?” तिने विचारलं.

“पुरा, घराण्याचा—”

“एका अक्षरासाठी, मानोय?”

ते खाली बघायला लागले. गर्दीतलं एक पोर मेणाचा चेंडू घेऊन मधे आलं, आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

पुराने खांद्यावरच्या काळ्या रुमालाने तोंड पुसलं. मग ती वळली ती थेट फादरकडे.

“फादर, येत्या रविवारी पहिला पुकार करा. वराचं नाव एलादिओ ओलार्ते. वधूचं पुरिफिकास्योन ओलार्ते. लग्नानंतर नाव बदलायचाही त्रास नाही.”

“मला कोणी विचारलंच नाही,” एलादिओ मागून म्हणाला.

“गप्प बस. पन्नास वर्षांपूर्वी विचारलंय. आणि फादर, आजोबांची नावं पूर्ण वाचायची. मोठ्याने. मधलं काही गाळायचं नाही.” मग ती भावाकडे न बघता म्हणाली, “मानोय, तू पहिल्या बाकावर बसायचंस. तिन्ही रविवार. घराण्यातला थोरला तू, नाही आलास तर लोक विचारतील.”

डॉन आमान्दो आपल्या नावाच्या रिकाम्या कोनाड्याला टेकून उभे होते. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. ओलार्तेंची बायकामाणसं आत शिरून कोनाड्यांवरची नावं वाचायला लागली होती, मुलांना दाखवायला लागली होती. निन्फाला वाटलं होतं की या वेळी तिला रडू येईल, आईची आठवण येईल. तसलं काही झालं नाही. तिला बरं वाटत होतं, मनापासून बरं वाटत होतं, आणि येते तिन्ही रविवार दुसऱ्या बाकावर, बरोबर त्यांच्या मागे बसायचं, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.